कापडाला रसायनांच्या वाफा लागू नयेत म्हणून कोणती पिशवी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कापड गोदामात, कंटेनरमध्ये किंवा कपाटात पडून असतं तेव्हा त्याचं बरंचसं नुकसान हवेतून होतं. पॉलिशचा दर्प, फोर्कलिफ्टचा धूर, प्लायवूडमधून सुटणारं फॉर्मल्डिहाइड, डांबरगोळ्या, कीटकांसाठी दिलेली धुरी, सगळं हळूहळू धाग्यात मुरतं. पिशवी असूनही हे का होतं आणि कोणत्या पिशवीने ते खरंच थांबतं, याबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. आधी वाफ ओळखायची आणि मग फिल्म, म्हणजे पिशवीचं पातळ प्लॅस्टिक, निवडायची, हा क्रम मात्र सोडू नका. उलट क्रमाने गेलात तर महागडी पिशवीही वाया जाते.

पॉलिथिनच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेल्या कपड्यांनाही डांबरगोळ्यांचा वास कसा लागतो?

कारण तो वास पिशवीच्या आरपार येतो. पिशवीला भोक नसलं, गाठ घट्ट असली, तरीही येतो. डांबरगोळीतलं नॅफ्थलीन घन अवस्थेतून थेट वाफ होतं. ही वाफ पॉलिथिनच्या बाहेरच्या बाजूला टेकते, प्लॅस्टिकमध्ये विरघळते, त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्यांच्या गर्दीतून वाट काढत आतल्या बाजूला पोहोचते आणि तिथून पिशवीतल्या हवेत सुटते. तिथे कापड तिची वाटच बघत असतं.

प्लॅस्टिकला अगदी बारीक छिद्रं असतात असं समजून लोक जास्त जाड किंवा ‘जास्त घट्ट’ विणीची पिशवी शोधतात. ही चाळणीची कल्पना डोक्यातून काढून टाकलेली बरी. चांगल्या फिल्मला छिद्रं नसतातच. वाफ किती येणार हे दोन गोष्टींवर ठरतं. ती त्या प्लॅस्टिकमध्ये किती विरघळते ही पहिली, आणि विरघळल्यावर किती वेगाने सरकते ही दुसरी. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे त्या फिल्मची त्या वाफेसाठीची पारगम्यता. म्हणून ‘ही फिल्म चांगली अडवते’ हे वाक्य अपुरं आहे. काय अडवते, ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

कापड वाफा इतक्या पटकन का धरतं?

धागा म्हणजे असंख्य बारीक तंतू, त्यामुळे हवेला लागणारा पृष्ठभाग प्रचंड. शिवाय तंतूचा स्वभाव. सुती कापड सामान्य दमट हवेत वजनाच्या सुमारे ८.५ टक्के पाणी धरून असतं, रेशीम ११ टक्क्यांच्या आसपास, लोकर १६ टक्क्यांच्या घरात. पाण्यात विरघळणाऱ्या वाफा, म्हणजे फॉर्मल्डिहाइड, अमोनिया, ॲसेटिक आम्ल, या ओलाव्यात सहज उतरतात. पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्का पाणी धरतं, पण तेलकट स्वभावाच्या वाफा त्याला फार प्रिय. म्हणून डिझेल किंवा सॉल्व्हंटचा वास पॉलिस्टरमध्ये हट्टाने टिकतो. सिगारेटच्या धुरातलं निकोटिन मात्र सुती कापड जोरात धरतं.

मग सगळ्याच वाफा पॉलिथिनमधून जातात का?

नाही, आणि निवडीची किल्ली इथेच आहे. सारखं सारख्यात विरघळतं. पॉलिथिन स्वभावाने मेणासारखं, अध्रुवीय, म्हणजे पाण्याशी न जमणारं. पेट्रोल, टोल्युइन, बेंझिन, नॅफ्थलीन, लिंबूवर्गीय सुगंधातलं लिमोनिन हे सगळे त्याचे जातभाई, ते त्यात भिनतात. पाण्याची वाफ ध्रुवीय, म्हणून पॉलिथिन तिला छान अडवतं. फॉर्मल्डिहाइडही ध्रुवीय असल्याने पॉलिथिनमध्ये फारसं विरघळत नाही.

नायलॉनचं गणित उलटं. तो हायड्रोकार्बनच्या, म्हणजे पेट्रोल-रॉकेलसारख्या इंधनांच्या, वाफा उत्तम अडवतो, पण पाणी आणि अल्कोहोल यांना वाट देतो. आगीच्या घटनेनंतर जळक्या कपड्यांमध्ये पेट्रोल किंवा रॉकेल सापडतं का हे तपासायचं असतं, तेव्हा न्यायवैद्यक तपासणीसाठी कपडे नेहमीच्या पॉलिथिनच्या पिशवीत भरत नाहीत. नायलॉनच्या खास पिशव्या किंवा आतून लेप दिलेले धातूचे डबे वापरतात. पॉलिथिनमधून पुरावा उडून जाऊ शकतो, आणि शेजारच्या पिशवीतला वास आत येऊन निर्दोष कपडा दोषी दिसू शकतो. पण आग लावायला अल्कोहोल वापरलं असल्याची शंका असेल तर त्याच नायलॉनवर विसंबून चालत नाही. एकाच पिशवीचा गुण आणि दोष, फरक फक्त वाफेचा.

कोणत्या वाफेसाठी कोणती फिल्म घ्यावी?

एलडीपीई, म्हणजे आपली नेहमीची मऊ पॉलिबॅग: धूळ, पाणी, हाताळणीचे डाग आणि दमट हवा यांच्यासाठी उत्तम. सॉल्व्हंट, इंधन, सुगंधी द्रव्यं आणि डांबरगोळ्या यांच्यापुढे दुबळी. ऑक्सिजन, ओझोन, नायट्रोजनचे ऑक्साइड हे वायूही तिच्यातून बऱ्यापैकी येतात.

एचडीपीई, म्हणजे हातात चुरचुरणारी पिशवी, तिची रचना जास्त स्फटिकी. स्फटिकी भागात वाफेला शिरता येत नाही, म्हणून त्याच जाडीत ती एलडीपीईपेक्षा बरीच सरस. स्वभाव मात्र तोच, त्यामुळे हायड्रोकार्बन अडवण्यासाठी तिच्यावर महिनोन्‌महिने भिस्त ठेवू नका. ताणून बनवलेली पॉलिप्रोपिलिन फिल्म, म्हणजे बीओपीपी, शर्टाच्या पारदर्शक पाकिटाला वापरतात ती, सुगंधी वाफांच्या बाबतीत एलडीपीईच्या पुढे आहे.

पॉलिस्टर फिल्म, म्हणजे पीईटी, हा मला सर्वांत भरवशाचा मध्यम मार्ग वाटतो. नेहमीच्या तापमानाला तिच्या साखळ्या काचेसारख्या थिजलेल्या असतात, ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचेपर्यंत त्या सैल होत नाहीत. त्याच जाडीच्या एलडीपीईशी तुलना केली तर ऑक्सिजन तिच्यातून साधारण शंभर पटींनी कमी जातो, आणि बहुतेक सेंद्रिय वाफांनाही ती कडक अडथळा करते. एकच अडचण, ती एकटी नीट हीट सील होत नाही, म्हणजे उष्णतेने चिकटून बंद होत नाही. म्हणून तिला आतून पॉलिथिनचा थर जोडून लॅमिनेट करतात.

ईव्हीओएच (इथिलीन विनाइल अल्कोहोल) हा वायू आणि सुगंध अडवणारा फार ताकदीचा प्लॅस्टिकचा थर, पण तो ओला झाला की त्याची ताकद घसरते. म्हणून तो नेहमी दोन पॉलिथिन किंवा पॉलिप्रोपिलिनच्या थरांमध्ये दडवलेला असतो. पीव्हीडीसी नावाच्या प्लॅस्टिकचा लेप ओलाव्याने फारसा बिघडत नाही, वायू आणि वास दोन्ही अडवतो, पण त्यात क्लोरीन असल्याने जाळताना आणि पुनर्वापर करताना त्रास देतो.

या सगळ्यांच्या वर ॲल्युमिनियम फॉइलचं लॅमिनेट. धातूत वाफ विरघळत नाही, त्यामुळे अखंड फॉइल म्हणजे पूर्णविराम. अडचण ‘अखंड’ या शब्दात आहे. ७ ते ९ मायक्रॉनच्या फॉइलला कारखान्यातूनच सूक्ष्म छिद्रं असू शकतात, आणि वारंवार दुमडली की घडीवर तडे जातात. दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकचा थर असला तर ही छिद्रं बरीचशी झाकली जातात. चकाकणारी प्रत्येक पिशवी फॉइलची नसते हेही तपासा. मेटलाइज्ड फिल्मवर, म्हणजे धातूची वाफ बसवलेल्या फिल्मवर, ॲल्युमिनियमचा थर शंभर नॅनोमीटरहूनही पातळ असतो. तो उपयोगी असतो, पण फॉइलची जागा घेत नाही. पिशवी उजेडासमोर धरून आरपार दिवा अंधुक दिसला तर ती मेटलाइज्ड आहे असं समजावं.

पिशवी दुप्पट जाड घेतली तर संरक्षण दुप्पट होईल का?

एका अर्थी दुप्पट, दुसऱ्या अर्थी चौपट. वाफेचा प्रवाह एकदा सुरळीत सुरू झाला की तो जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो: २५ मायक्रॉनच्या जागी ५० मायक्रॉन घेतली तर वाफ निम्मी येते. पण वाफ पहिल्यांदा आत पोहोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे चौपट. गेजमध्ये बोलणाऱ्यांसाठी: १०० गेज म्हणजे साधारण २५ मायक्रॉन.

ऐकायला हे छान वाटतं. पण टोल्युइनसारख्या वाफेला पातळ एलडीपीई ओलांडायला मिनिटं लागतात, फार तर काही तास. त्याच्या चौपट केलं तरी महिनाभराच्या साठवणीत काय फरक पडणार? चुकीच्या प्लॅस्टिकची जाडी वाढवत बसण्यापेक्षा योग्य प्लॅस्टिकचा पातळ थर घ्यावा. तासाभरासाठी संरक्षण हवं असेल, जसं रंगकाम चालू असताना कापड झाकणं, तेव्हा जाड पॉलिथिन पुरेसं ठरू शकतं.

तोंड नुसतं दुमडून ठेवलं तर चालेल?

धुळीसाठी चालेल. वाफेसाठी अजिबात नाही. हवेतून वाफ जितक्या वेगाने पसरते, त्याच्या लाखांशाहूनही कमी वेगाने ती प्लॅस्टिकमधून सरकते. म्हणून एक छोटी फट सगळ्या फिल्मची मेहनत वाया घालवते. हीट सील सर्वांत चांगलं. सीलची पट्टी रुंद हवी, आणि सील करताना मधे धागा किंवा सुरकुती आली तर तिथे वाट उरते. झिपलॉक बंद दिसली तरी कोपऱ्यात गळते. नुसती चिकटपट्टी लावलेल्या पिशवीच्या दोन्ही टोकांना फट असते.

कपड्यांच्या पॉलिबॅगला बऱ्याचदा मुद्दाम पाडलेली गोल छिद्रं असतात. हवा निघून जावी, गठ्ठे नीट रचता यावेत आणि लहान मुलाने पिशवी डोक्यात घातली तर गुदमरू नये, असे त्यामागचे हेतू आहेत. हेतू चांगले आहेत, पण अशा पिशवीकडून वाफेपासून संरक्षणाची अपेक्षा ठेवू नका. तिथे खरा अडथळा बाहेरच्या खोक्यात घातलेल्या मोठ्या, अखंड, सीलबंद लायनरचा, म्हणजे अस्तरासारख्या पिशवीचा, हवा. छिद्रं नसलेल्या पिशव्या वापरत असाल तर त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत याची काळजी घ्या.

व्हॅक्यूम पिशवीत हवाच नसते, मग वाफ येणार कशी?

प्रत्येक वाफ स्वतःच्या दाबाच्या फरकाने सरकते. आत त्या रसायनाचं प्रमाण शून्य आणि बाहेर थोडं, एवढं तिला पुरतं. आतली हवा काढल्याने ती अडत नाही. व्हॅक्यूम पिशव्या बऱ्याचदा चांगलं काम करतात ते त्यांच्या नायलॉन-पॉलिथिन लॅमिनेटमुळे आणि व्यवस्थित तोंडबंद असल्यामुळे. एक फायदा मात्र खरा: पिशवी फुगली की कुठेतरी गळती आहे हे लगेच कळतं.

पांढरे कपडे पॉलिबॅगमध्ये असूनही पिवळे का पडतात?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि यात अनेकदा पिशवीच दोषी असते. पॉलिथिन हवेने खराब होऊ नये म्हणून त्यात अँटिऑक्सिडंट घालतात. त्यातलं बीएचटी नावाचं फिनॉल जातीचं रसायन स्वस्त आणि प्रभावी, पण बाष्पशील आहे. ते फिल्ममधून सुटतं आणि कापडावर बसतं. तोवर काही दिसत नाही, कारण बीएचटी रंगहीन असतं. मग हवेतले नायट्रोजनचे ऑक्साइड येतात, डिझेल आणि गॅसवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टमधून, गॅस हीटरमधून, रस्त्यावरच्या वाहनांमधून. त्यांची बीएचटीशी अभिक्रिया होऊन पिवळी संयुगं तयार होतात. कापडात अल्क राहिलेला असेल तर हा पिवळेपणा ठळक दिसतो, आम्लात तो दिसेनासा होतो.

असा गठ्ठा उघडून बघितला तर खूण स्पष्ट असते. पांढऱ्या टी-शर्टच्या घडीच्या कडा आणि पिशवीच्या तोंडाकडचा भाग पिवळसर, घडी उलगडली की आतला भाग स्वच्छ पांढरा. जिथे हवा पोहोचली तिथेच रंग चढलेला. तेलाचे किंवा घामाचे डाग असे ओळीत येत नाहीत. खात्री करायची असेल तर पिवळ्या भागावर सौम्य आम्लाचा थेंब टाका किंवा कपडा उन्हात ठेवा. रंग गेला तर तो फिनॉलिक पिवळेपणा.

यासाठी आयएसओ १०५-एक्स१८ ही चाचणी आहे. नमुना फिनॉलिक रसायन लावलेल्या कागदात घालून, काचेच्या पट्ट्यांमध्ये रचून, बीएचटी नसलेल्या पॉलिथिनमध्ये गुंडाळून ५० अंशांवर १६ तास ठेवतात. पण ही चाचणी कापड किती सहज पिवळं पडेल ते सांगते, तुमच्या पिशवीत बीएचटी आहे का ते सांगत नाही. पुरवठादाराकडून ‘बीएचटीमुक्त’ असं लेखी घ्या, तेही फक्त पिशवीसाठी नको. खोक्याचा पुठ्ठा, चिकटपट्टी, फोमची पट्टी यांमधूनही फिनॉलिक रसायनं येतात. कापडाच्या बाजूने उपाय म्हणजे फिनिशिंगच्या शेवटी पीएच ५ ते ६ च्या दरम्यान आणणं, आणि त्यासाठी सायट्रिक आम्लासारखं न उडणारं आम्ल वापरणं. ॲसेटिक आम्ल काही दिवसांत उडून जातं आणि कापड पुन्हा उघडं पडतं.

बीएचटीमुक्त पिशवी घेतल्यावर सगळे रंग सुरक्षित राहतात का?

नाही. नायट्रोजनचे ऑक्साइड काही रंगांवर थेट हल्ला करतात. ॲसिटेट कापडावरचे काही निळे रंग या वायूंमुळे लालसर होतात, याला गॅस-फ्यूम फेडिंग म्हणतात. ओझोन इंडिगोचा रंग तोडतो, म्हणून डेनिमच्या घड्यांच्या कडा गोदामात फिक्या पडतात. आयएसओ १०५-जी०१ नायट्रोजनच्या ऑक्साइडसाठी आणि १०५-जी०३ ओझोनसाठी रंगाचा पक्केपणा तपासते. असा रंग असेल तर एलडीपीई पुरेशी नाही, पीईटीचा थर असलेलं लॅमिनेट घ्या.

पिशवीतून कापडाला आणखी काय लागू शकतं?

पीव्हीसीची पिशवी कपड्यांसाठी वापरूच नका, हे माझं ठाम मत आहे. तिला मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर हळूहळू बाहेर येतं आणि कापडाला चिकट ओशटपणा आणतं. पीव्हीसी खराब होऊ लागलं की हायड्रोजन क्लोराइड सोडतं, ते ओलाव्यात आम्ल बनून धागा कमकुवत करतं. छापील पिशवीच्या शाईत टोल्युइन किंवा इथाइल ॲसिटेट अडकून राहिलेलं असू शकतं. छपाईनंतर नीट न वाळवता रोल गुंडाळला की ते आतल्या बाजूला उतरतं. पुनर्वापरातून बनलेल्या फिल्मला आधीच्या आयुष्यातला वास असू शकतो. पर्यावरणासाठी ती वापरावीच, पण बाहेरच्या थरासाठी. कापडाला टेकणारा थर नवा आणि स्वच्छ असू द्या.

संग्रहालयांनी या प्रश्नाचा फार गांभीर्याने विचार केला आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये मांडलेली चाचणी आजही वापरात आहे. वेष्टणाचा तुकडा चांदी, तांबं आणि शिसं यांच्या पट्ट्यांबरोबर बंद भांड्यात, १०० टक्के आर्द्रतेत, ६० अंशांवर २८ दिवस ठेवतात. पट्ट्या काळवंडल्या किंवा गंजल्या तर ते वेष्टण जुन्या वस्त्रांजवळ जाऊ देत नाहीत. या कसोटीतून गेल्यावर संग्रहालयांच्या हाती प्रामुख्याने लेप नसलेली पॉलिस्टर फिल्म, पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलिन उरतात.

बाळाचे कपडे वेगळ्या पिशवीत बंद करून का ठेवतात?

फॉर्मल्डिहाइडमुळे. सुरकुत्या न पडणाऱ्या कपड्यांच्या रेझिन फिनिशमधून, प्लायवूडच्या फळ्यांमधून आणि काही चिकटद्रव्यांमधून ते सुटतं, आणि शेजारचं स्वच्छ सुती कापड ते ओढून घेतं. कारखान्यातून निर्दोष निघालेला कपडा दुकानाच्या फळीवर दूषित होऊ शकतो. जपानमध्ये घरगुती वस्तूंतल्या घातक द्रव्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९७३ मध्ये झाला. त्याखाली २४ महिन्यांपर्यंतच्या बाळांच्या कपड्यांसाठी मर्यादा जवळजवळ शून्याची आहे, दहा लाख भागांत १६, तर मोठ्यांच्या अंगालगतच्या कपड्यांसाठी ७५. एवढ्या कडक मर्यादेत शेजारच्या कपड्यातून आलेलं फॉर्मल्डिहाइडही मोजणीत दिसतं, म्हणून बाळाचे कपडे तिथे पॉलिथिनच्या बंद पिशवीत ठेवण्याची पद्धत रूढ झाली. इथे साधं पॉलिथिन उपयोगी पडतं, पण तोंड बंद हवं आणि आत जाणारा कपडा आधीच शुद्ध हवा.

आधीच वाफ लागलेला कपडा पिशवीत ठेवला तर?

तर पिशवी ती वाफ सांभाळून ठेवते. ड्रायक्लीनिंगमधलं परक्लोरोइथिलीन कपड्यात थोडं उरतंच. जॉर्जटाउन विद्यापीठातून २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकरीतलं त्याचं प्रमाण प्रत्येक धुलाईगणिक वाढत गेल्याचं दिसलं. म्हणून घरी आणल्यावर वरची पिशवी काढून कपडा मोकळ्या हवेत टांगा, मगच कपाटात ठेवा.

पिशवीतून जाणाऱ्या वाफेचा वाईट अनुभव युरोपने घेतला आहे. सोफ्यांना बुरशी लागू नये म्हणून आत डायमिथाइल फ्युमरेटच्या पुड्या घातल्या होत्या. त्याची वाफ अस्तरात, कापडात भिनली आणि बसणाऱ्यांच्या कपड्यांमधून त्वचेपर्यंत पोहोचली. अनेकांना गंभीर त्वचादाह झाला. २००९ मध्ये युरोपीय संघाने किलोमागे ०.१ मिलिग्रॅमहून जास्त प्रमाण असलेल्या वस्तूंवर बंदी घातली. खोक्यात अनोळखी पुडी दिसली तर ती सिलिका जेल आहे असं गृहीत धरू नका.

कंटेनरला धुरी दिली तर आतलं कापड पिशवीमुळे वाचेल का?

मिथाइल ब्रोमाइड पॉलिथिनमधून जातं. शेतजमिनीला धुरी देताना वर अंथरलेल्या पॉलिथिनमधून ते इतकं निसटायचं की त्यासाठी नायलॉन किंवा ईव्हीओएचचा थर असलेली वेगळी फिल्म बनवावी लागली. शिवाय संगरोधाच्या (क्वारंटाइनच्या) धुरीत वायू सगळीकडे पोहोचावा म्हणून प्लॅस्टिकचं वेष्टण उघडायला किंवा त्याला छिद्रं पाडायला लावतात. गंधक असलेल्या पदार्थांशी, म्हणजे लोकर, पिसं, रबर यांच्याशी, या वायूची अभिक्रिया होऊन न जाणारी दुर्गंधी बसते. फॉस्फीन तांबं आणि चांदी काळवंडवतो, त्यामुळे धातूची जर असलेल्या कापडाला तो नकोच.

खरा उपाय धुरीची वेळच येऊ न देण्याचा. लाकडी पॅलेट ‘एचटी’ शिक्क्याचे घ्या. त्यांच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश उष्णता सलग ३० मिनिटं दिलेली असते. ‘एमबी’ शिक्का म्हणजे मिथाइल ब्रोमाइड.

उन्हाळ्यात त्रास जास्त का होतो?

तापमान वाढलं की वाफ जास्त सुटते आणि प्लॅस्टिकच्या साखळ्याही सैल होतात, दोन्ही एकदम. उन्हात उभ्या कंटेनरचं आतलं तापमान ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतं. खोलीच्या तापमानाला तपासलेली फिल्म तिथे त्याच ताकदीने टिकेल असं धरू नका.

पूर्ण हवाबंद केल्यावर बुरशी येणार नाही ना?

कापड दमट असेल तर येईल. अडथळा जितका चांगला, तितका आतला ओलावाही अडकतो. कापड खोलीच्या तापमानाला येऊ द्या, आतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली राहील इतकं कोरडं करा आणि मग सील करा. इस्त्रीची वाफ अंगात असताना पिशवीत भरलेला शर्ट ही हमखास चूक.

आत कोळशाची पुडी घातली तर?

सक्रिय कोळसा थोड्या प्रमाणात आलेली वाफ पकडतो, म्हणून चांगल्या फिल्मच्या जोडीला तो उपयोगी. वाईट पिशवीत मात्र बाहेरची वाफ येत राहते आणि कोळसा भरून जातो. रासायनिक हल्ल्यापासून बचावाचे सैनिकी पोशाख हे याचं ठळक उदाहरण. त्यांच्या कापडातच सक्रिय कोळसा असतो. डिझेलचा धूर, सॉल्व्हंट, घाम, सगळं तो शोषत बसला तर ऐनवेळी त्याच्यात जागा उरत नाही. म्हणून ते हवाबंद पाकिटात येतात. अमेरिकी सैन्याच्या जेस्लिस्ट पोशाखाचं पाकीट फोडलं की त्याचं आयुष्य १२० दिवसांवर येतं. तो पोशाख कामाला येईपर्यंत टिकतो तो बाहेरच्या पाकिटामुळे.

एकदा वापरलेली पिशवी पुन्हा वापरावी का?

स्वच्छ मालाची असेल तर अवश्य. वास लागलेली असेल तर नाही. फिल्म स्वतःच वाफेचा साठा होते आणि नव्या कापडाला ती परत देते. आतून पुसून हा वास जात नाही.

कंपोस्ट होणाऱ्या पिशव्या?

पीएलए, म्हणजे अशा पिशव्यांसाठी वापरलं जाणारं वनस्पतीजन्य प्लॅस्टिक, सुगंधी वाफा एलडीपीईपेक्षा चांगल्या अडवतं, पण ठिसूळ आहे आणि साधारण ६० अंशांवर मऊ पडतं. थोड्या दिवसांच्या, थंड जागेतल्या साठवणीसाठी ठीक. कागदी पिशवी वाफेला अडवत नाही.

पुरवठादार ऑक्सिजन आणि पाण्याच्या वाफेचे आकडे देतो. तेवढ्यावर निवड करता येईल?

अर्धवटच. पाण्याची वाफ अडवण्यात पॉलिथिन अव्वल, आणि त्याच आकड्यावर भुलून लोक ते सॉल्व्हंटसाठी घेतात. तुमच्या वाफेचे आकडे मागा. मिळाले नाहीत तर एक सोपी तुलना स्वतः करता येते. ज्या फिल्म तपासायच्या त्यांच्या सारख्या मापाच्या छोट्या पिशव्या करा, प्रत्येकीत धुतलेल्या, वास नसलेल्या पांढऱ्या सुती कापडाचा तळहाताएवढा तुकडा घाला, सगळ्या हीट सील करा आणि झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. बरणीत अत्तराचे थेंब टाकलेला कापूस उघड्या वाटीत ठेवा. एक तुकडा पिशवीशिवायही ठेवा. पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, मग आठव्या दिवशी प्रत्येक फिल्मची एकेक पिशवी काढा, बाहेरून पुसा, मोकळ्या हवेत कापा आणि हुंगा. कोणती पिशवी पहिल्याच दिवशी हरली हे नाकच सांगतं. विषारी रसायनांवर हा प्रयोग करू नका, तिथे गॅस क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वाफेतले घटक वेगळे करून मोजण्याची सोय, असलेली प्रयोगशाळाच हवी. ज्या रसायनांना वास नाही, त्यांच्याबाबतही नाकावर विसंबू नका.

वाफ लागलेलं कापड सुधारतं का?

फॉर्मल्डिहाइड पाण्यात विरघळतं, त्यामुळे एक-दोन धुण्यांत बरंचसं जातं. सॉल्व्हंट आणि डांबरगोळ्यांचा वास वाहत्या हवेत टांगल्यावर हळूहळू उतरतो. पॉलिस्टर असेल तर लेबलवर परवानगी आहे तितक्या कोमट पाण्यात, चांगल्या डिटर्जंटने धुवा. फिनॉलिक पिवळेपणा ऊन आणि धुणं यांनी बहुधा जातो, पण त्याच पिशवीत परत घातला तर तोही परततो. वायूंनी उडालेला रंग परत येत नाही. असा माल वेगळा काढा, आणि बाकीच्या गठ्ठ्यांची पिशवी त्याच दिवशी बदला.